अकरा मिनिटांचं काम ठेवून आई परत आली

"चारशे किलोमीटर उंचीवर, जिथं नदी नाही, विहीर नाही, साधं डबकंसुद्धा नाही, तिथं माणूस पाण्यात बुडू शकतो का?"

अण्णांनी मला हे कोडं घातलं तेव्हा मी पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होते. मी म्हटलं, नाही. अण्णा म्हणाले, बुडू शकतो, आणि सध्या त्यांना त्याचीच काळजी लागून राहिली आहे. एवढं बोलून ते चहात खारी बुडवायला लागले. अर्धवट सांगून गप्प बसायची त्यांना जुनीच खोड आहे.

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. जत तालुक्यातल्या माळावर अंतराळवीरांचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं ते काम करतात. माळ असा, की बाभळीसुद्धा अंग चोरून वाढतात. आणि अशा ठिकाणी बारा मीटर खोल पाण्याची टाकी! अंतराळवीर पोशाख घालून तिच्यात उतरतात. त्यांना वजनं लावून असं तोलतात, की माणूस बुडतही नाही आणि तरंगतही नाही. थोडंफार अंतराळातल्यासारखं होतं, म्हणून बाहेरच्या कामांचा सराव तिथं चालतो. टाकी बांधली तेव्हा आसपासच्या बायका विचारायला आल्या होत्या, एवढं पाणी पाजायचंय तरी कुणाला? तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरतात असं त्यांना समजावून सांगितलं. त्या परत गेल्या, पण त्यांचं काही समाधान झालं नाही, असं अण्णा सांगतात.

अण्णांच्या विभागाचं कागदोपत्री नाव 'आपत्ती सराव विभाग'. केंद्रात सगळे त्याला 'खोडी विभाग' म्हणतात, कारण अंतराळवीरांच्या खोड्या काढणं हेच त्यांचं काम. कुणी टाकीत शांतपणे बोल्ट आवळत असलं, की अण्णा त्याचा दिवा घालवणार, रेडिओ बंद पाडणार, दोरी अडकवणार. मग तो काय करतो ते वहीत लिहून ठेवणार.

त्या वर्षी या खोड्या सोसणाऱ्यांत माझी आईही होती. मृणाल कोळेकर, अंतराळवीर. बावीस दिवसांनी ती आणि तिचे सहकारी डिमेलोकाका यानातून सहा महिन्यांसाठी अंतराळस्थानकावर जाणार होते. तिथं स्थानकाबाहेर पडून एक मोठा अँटेना बसवायचा होता. शेवटच्या सरावात आई नापास झाली असती, तर तिच्या जागी दुसरं कुणी गेलं असतं आणि तिला आणखी दोन वर्षं वाट पाहावी लागली असती. म्हणून मला अण्णांचा राग येत होता. स्वतःच्याच मुलीला अडचणीत टाकायच्या युक्त्या काढत बसायचं, आणि वर चहात खारी बुडवायची!

मी तसं बोलूनही दाखवलं. "तुमची मुलगी आहे ना ती?"

"म्हणूनच की," अण्णा म्हणाले. "वर तिला जे संकट भेटंल ते आधी माझ्याकडनं भेटलेलं असावं. अनोळखी पाहुणा दारात आला की माणूस गडबडतंय. ओळखीचा असला तर म्हणतंय, या, बसा."

मग त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली आणि मलाही एखादी खोडी सुचव म्हणाले. मी लगेच सांगितलं, पोशाखात पाल शिरली तर? अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं ते लिहून घेतलं. नाकाला खाज सुटली तर? त्यावर उपाय आहे म्हणाले. शिरस्त्राणात (डोक्यावरच्या काचेच्या टोपात) स्पंजाचा एक तुकडा चिकटवलेला असतो, त्यावर नाक घासायचं. आणि शिंक आली तर? मान खाली घालून छातीवर शिंकायचं. नाहीतर काच बरबटते, ती आतून पुसायला हात पोचत नाही, आणि मग सहा तास स्वतःच्या शिंकेतून पृथ्वी बघत बसावं लागतं. हे ऐकून मी इतकी हसले, की माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

"आता पाण्याचं बघू," अण्णा म्हणाले आणि मला केंद्राच्या गच्चीवर घेऊन गेले.

त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्यानं भोक पाडलं, तिच्यात पाणी भरलं आणि झाकण काढून ठेवलं. भोकातून धार लागली. मग म्हणाले, आता मी ही बाटली खाली सोडणार आहे, तू धारेवर डोळा ठेव. त्यांनी हात सोडला. बाटली खाली निघाली आणि धार बंद! भोक तसंच होतं, पाणीही होतं, पण एक थेंब बाहेर येत नव्हता. बाटली अंगणात आपटून फुटली तेव्हाच पाणी उडालं. मी आणखी चार बाटल्या टाकायला लावल्या. चारही वेळा तेच झालं.

अण्णांनी कारण सांगितलं ते असं. बाटली हातात धरलेली असते तेव्हा वरचं पाणी खालच्या पाण्याला दाबतं, म्हणून ते भोकातून बाहेर येतं. पण बाटली आणि पाणी एकाच वेगानं खाली पडायला लागले, की कोण कुणाला दाबणार? दोघं बरोबरच निघालेले. अंतराळस्थानकाचंही असंच आहे. तिथं गुरुत्वाकर्षण (पृथ्वीची ओढ) नसतं असं पुष्कळ जण म्हणतात, पण ते चूक आहे. चारशे किलोमीटरवर ती ओढ इथल्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक सतत पृथ्वीकडे पडतच असतं. पण ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं आडवंही धावत असतं, आणि पृथ्वी गोल आहे. ते जेवढं खाली येतं तेवढीच जमीनही त्याच्याखालून वळून दूर जाते. म्हणजे पडणं काही संपत नाही. आतली माणसं, चमचे, पाणी, सगळं त्याच्याबरोबर पडत असतं, म्हणून सगळं तरंगताना दिसतं.

"म्हणजे आई सहा महिने पडतच राहणार?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, होय, आणि एकदाही आपटणार नाही.

आता राहिलं बुडण्याचं कोडं. अण्णांनी मला तळहात ओला करून उलटा धरायला सांगितला. बरंचसं पाणी गळून गेलं, पण एक पातळ थर आणि दोन-तीन थेंब हाताला लटकून राहिले. पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या या ओढीला पृष्ठताण (पाण्याचा वरचा थर ताणलेल्या कातडीसारखा वागणं) म्हणतात. शिवाय पाणी आपल्या त्वचेलाही चिकटतं. इथं थेंब मोठा झाला की वजनानं गळून पडतो. वर काहीच गळत नाही, त्यामुळं लिंबाएवढा थेंबसुद्धा छोट्या थेंबासारखाच चिकटून बसतो. तो मानेवर आला, की केसांतून कानाकडे, कानावरून डोळ्यांकडे, तिथून नाकाकडे सरकतो. पुसावा म्हटलं, तर हात काचेबाहेर.

"पण टोपात पाणी येईल कुठून?"

अण्णांनी मला पोशाखाच्या आतला अंगरखा दाखवला. त्याच्यावर पातळ नळ्यांचं जाळं शिवलेलं होतं. हवाबंद पोशाखात काम करताना अंग इतकं तापतं, की त्या नळ्यांतून गार पाणी खेळवावं लागतं. एखादी नळी झिरपली तर पेलाभर पाणीसुद्धा पुरे. मला एकदम आईचा चेहरा आठवला आणि हसू थांबलं.

शेवटचा सराव गुरुवारी सकाळी होता. आई आणि डिमेलोकाका टाकीच्या तळाशी अँटेनाच्या नकली खांबाला बोल्ट लावत होते. मी अण्णांजवळ पडद्यापुढं बसले होते, आणि पलीकडे उड्डाणप्रमुख रेहाना मुजावरमॅडम होत्या. ठरल्या वेळी अण्णांनी एक छोटी कळ फिरवली. आईच्या टोपात, मानेच्या मागं, थोडं थोडं पाणी ठिबकायला लागलं. आता ती बोलेल, असं मला वाटलं. ती बोल्ट आवळत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिनं गुणगुणायलाही सुरुवात केली. चौदाव्या मिनिटाला अण्णांनी माइक उघडला आणि सांगितलं, "मृणाल, सराव थांबव. तू बुडालीस."

वर आल्यावर मॅडमनी आईला विचारलं, पाणी जाणवलं नव्हतं का? जाणवलं होतं, आई म्हणाली. मान ओली झाली होती. पण टाकीच्या सरावात मान कधी ओली नसते? घाम असतो, सांध्यांतून पाणी झिरपतं. आणि इथं ते मानेवरून पाठीत उतरतं आणि विषय संपतो.

खोलीत बाकीचे अंतराळवीरही बसले होते. मग डिमेलोकाकांनी हळूच हात वर केला आणि म्हणाले, मीही सांगितलं नसतं. त्यांच्यामागून बाकीच्या पाचही अंतराळवीरांनी तेच कबूल केलं. ही चूक फक्त यांच्याच हातून होऊ शकत होती. वर्षभर पाण्यात राहून राहून त्यांच्या लेखी ओली मान ही काही सांगण्यासारखी गोष्टच उरली नव्हती. पोहता न येणाऱ्या माणसानं पहिल्याच थेंबाला ओरडून केंद्र डोक्यावर घेतलं असतं.

मॅडमनी आईला नापास केलं नाही. पाच दिवसांनी पुन्हा सराव ठेवला.

संध्याकाळी आई भाकरीचा तुकडा हातात धरून नुसतीच बसली होती. मी तिला विचारलं, तू का नाही सांगितलंस? पाठीत उतरतं वगैरे नको, खरं सांग.

आईनं तुकडा ताटात ठेवला. "खरं सांगू? मला वाटलं, एवढ्याशा पाण्यासाठी काम थांबवलं, तर म्हणतील बाई घाबरली."

माझी आई कशालाच घाबरत नाही असं मी शाळेत सगळ्यांना सांगत आले होते. आता मला वाटलं, तिनं जरा घाबरायला हवं होतं. मी तिला तसंच सांगितलं. ती हसली आणि माझ्या ताटातली शेंगदाण्याची चटणी घेऊन गेली. म्हणजे ती सावरली होती.

पुढच्या सरावात अण्णांनी तीन नव्या खोड्या काढल्या. आईनं तिन्ही वेळा पहिल्याच मिनिटाला, काही वेगळं वाटतंय, असं कळवलं. एकदा तर खोडी काढायच्या आधीच कळवलं, आणि ते तिच्या पायमोज्याची सुरकुती निघाली. अण्णांनी वहीत त्याच्यासमोर मोठी खूण केली.

मग यान उडालं. त्या धडधडाटानं माझे दातसुद्धा थरथरले. आगीच्या टोकावर बसून माझी आई वर गेली आणि नवव्या मिनिटाला पडद्यावर तरंगत आम्हाला हात करू लागली. मी रडले, हसले आणि माझी टोपी हरवली.

अंतराळचाल (पोशाख घालून स्थानकाबाहेर पडून काम करणं) आठव्या दिवशी होती. मी अण्णांबरोबर नियंत्रण कक्षात बसले होते. अर्धा देश बघत होता. अँटेनाचे सहा बोल्ट लावायचे होते. चार लागले. मुजावरमॅडमनी पडद्यावर बघून सांगितलं, राहिलेलं काम अकरा मिनिटांचं आहे.

तेवढ्यात आईचा आवाज आला. "माझ्या पंख्याचा आवाज बदललाय."

नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांनी आपापले आकडे पाहिले. प्राणवायू ठीक, दाब ठीक, पंख्याचा वेग ठीक. तसं तिला सांगण्यात आलं. आई म्हणाली, असेल, पण आवाज बदललाय.

पंखा कशासाठी असतो ते मला अण्णांनी सांगितलं नव्हतं. पण बाटली आठवली आणि मला आपोआप कळत गेलं. इथं आपण सोडलेला श्वास गरम असतो, म्हणून तो वर जातो आणि त्याच्या जागी ताजी हवा येते. त्याला अभिसरण म्हणतात, ते विज्ञानाच्या पुस्तकात होतं. पण आई तर पडत होती. तिच्या टोपात वरही नव्हतं आणि खालीही नव्हतं. मग तिचा श्वास जाणार कुठं? तिच्याच तोंडापुढं साचून राहणार. पंख्यानं ती हवा ढकलली नाही, तर टोपात प्राणवायू भरलेला असूनही ती स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा आत घेत राहणार. डोकं जड होईल, आणि आपलं डोकं जड झालंय हेही तिला धड कळणार नाही. मी अण्णांचा हात घट्ट धरला.

मॅडमनी विचारलं, "मृणाल, निर्णय?"

"परत येते," आई म्हणाली.

अकरा मिनिटांचं काम होतं. दोन बोल्ट. अर्धा देश बघत होता. ती वळली आणि दांडीला धरून एकेक हात पुढं टाकत परत निघाली. डिमेलोकाका तिच्या मागोमाग निघाले. हवाकुलूप (दोन दारांची छोटी खोली, आतलं दार बंद ठेवून बाहेरचं उघडतात, म्हणजे स्थानकातली हवा निसटत नाही) गाठायला त्यांना एकोणीस मिनिटं लागली. त्या एकोणीस मिनिटांत मी अण्णांचा हात सोडला नाही. बाहेरचं दार बंद झालं, खोलीत हवा भरली, आईनं टोप काढला. तिच्या गालांवर घामाचे थेंब चिकटलेले होते आणि ती लाल झाली होती. पण ती ठीक होती.

दुसऱ्या दिवशी पोशाख उघडला. पंख्याच्या जाळीवर एक कागदी चिठ्ठी अडकली होती, पंखा लावला की ती फडफडायची. तिच्यावर छापलं होतं, 'तपासणी पूर्ण'.

अण्णा पोट धरून हसले. मॅडमही हसल्या, पण लगेच त्यांनी सगळ्या पोशाखांतल्या तशा चिठ्ठ्या शोधून काढायला लावल्या. मी अण्णांना विचारलं, त्या चिठ्ठीनं खरंच काही झालं असतं का? ते म्हणाले, कदाचित अकरा मिनिटांत काहीच झालं नसतं. कदाचित ती आत ओढली जाऊन पंखा अडकला असता. "काय झालं असतं ते आपल्याला कधीच कळणार न्हाई, विभा. आणि न्हाई कळलं तेच बरं हाय."

शाळेत मात्र दिग्विजय सगळ्यांसमोर म्हणाला, कागदाला घाबरून तुझी आई पळून आली. दोन दिवसांपूर्वी मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. आता मी त्याला म्हटलं, गणिताच्या तासाला तुला काही कळत नाही तेव्हा हात वर करून दाखव. एकदाच. वर्गासमोर. मग मला सांग, सोपं असतं का. मी वर्गातल्या चाळीस जणांसमोर असं बोलले होते, आईनं अर्ध्या देशासमोर हात वर केला होता.

फोनवर आईनं मला विचारलं, "तुला लाज वाटली का गं?" मी खरं तेच सांगितलं. पहिली दहा मिनिटं वाटली, मग नाही वाटली. आई म्हणाली, मलाही साधारण तेवढाच वेळ वाटली.

पाच दिवसांनी आई पुन्हा बाहेर पडणार होती. त्या सकाळी मुजावरमॅडमनी एक नवी पद्धत सुरू केली. दार उघडण्याआधी प्रत्येकानं आपल्या मनातली एक बारीकशी शंका मोठ्यानं सांगायची. ती कितीही फालतू असली तरी चालेल, पण कुणालाही हसायचं नाही. एक ताई म्हणाल्या, त्यांच्या पडद्यावरचा एक आकडा जरा उशिरा बदलतोय. तो तपासला. एका काकांनी सांगितलं, गडबडीत त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, लक्ष उडेल अशी भीती वाटते. त्यांना दोन केळी दिली. अण्णांचा जवळचा चष्मा घरीच राहिला होता. न हसण्याचा नियम तिथं मोडला. वरून डिमेलोकाकांनी सांगितलं, त्यांचा डावा हातमोजा किंचित घट्ट वाटतोय. तो सैल करेपर्यंत सगळे थांबले.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "विभावरी, तू?"

मी कुणीच नव्हते. माझ्यापुढं पडदा नव्हता, आकडे नव्हते. मला काही तांत्रिक सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण मनात एकच गोष्ट होती. माइक माझ्यापुढं आला. माझा आवाज चारशे किलोमीटर वर जाणार होता.

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं.

"मलाही," आई म्हणाली. "दोघींचीही नोंद करा, मॅडम. आता मी दार उघडते."

आणि तिनं दार उघडलं. समोर निळी पृथ्वी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं, आणि माझी आई बाहेर पडली.